मंडल आणि मांडूळ : खानापूर तालुक्यातल्या एका घरात २६ दिवस राहिलेलं सापाचं पिल्लू

नागचतुर्थीच्या दुपारी एका बाईंचा फोन आला. आवाज दबका होता. "दादा, साप पकडायला नको, पकडलेलाच हाय. बरणीत हाय. पण भाचा कुणाला हात लावू देईना झालाय."

अठरा वर्षं मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत साप सोडवायला जातो. पोटापाण्याला उद्यमबागेतली फाउंड्री आहे, हे काम त्याच्या आधी आणि नंतर. घरात साप शिरलाय, विहिरीत पडलाय, जाळ्यात अडकलाय असे फोन रोजचे. घरातल्याच मुलाने साप ठेवलाय, असा फोन पहिल्यांदाच आला. झाकण घट्ट असू दे, बरणी जमिनीवर ठेवा, कुणी उचलू नका आणि एक फोटो पाठवा, एवढं त्यांना सांगितलं. फोटोत प्लास्टिकवर आतून वाफ धरली होती. वाफेतून तपकिरी अंगावरच्या गडद गोल ठिपक्यांची एक ओळ दिसली. मी रेनकोट चढवला आणि गाडी काढली.

हे प्रकरण त्या घराला विचारून लिहितोय. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही, मुलगा नववीत आहे एवढंच पुरे.

घर

मलप्रभेच्या अलीकडे, भाताच्या शिवारातलं घर. पुढे पडवी, मागे गोठा, गोठ्यावर माळा. गोठ्याला लागून शेणींचा ढीग आणि त्याच्यापलीकडे पिंजराची, म्हणजे भाताच्या काडाची, गंजी. खानापूर तालुक्यातल्या दहापैकी आठ घरांची ठेवण अशीच असते, आणि सापाला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. गंजीत ऊब, कणगीत भात, भातामागे उंदीर. मुलाचे आईवडील कामासाठी गोव्यात. घरी आज्जी, लग्नाची आत्ती (फोन केलेली तीच) आणि तो.

पडवीच्या कोपऱ्यात वेताची काठी उभी होती. आज्जीने स्वतःच सांगितलं की या काठीने तिने आजवर किती साप मारले याची मोजदाद नाही. धामण असो, दिवड असो, कवड्या असो, साप म्हटलं की काठी. त्याच पडवीत दुसऱ्या दिवशीच्या पूजेसाठी कुंभाराकडून आणलेला मातीचा नागोबा पाटावर ठेवलेला होता. मी त्यावर काही बोललो नाही. आज्जीच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नाही. नागोबा देव आहे आणि घरात शिरलेला साप नातवाच्या जिवावर उठलेला आहे. पोरांना जगवायचं म्हणूनच तिने काठी धरली.

पण या काठीमुळेच मुलाने साप लपवला. पुढे जे झालं त्याचं मूळ मला तरी इथंच दिसतं.

नाव

आर्द्रा नक्षत्र संपत आलं होतं, रोप लावणी चालू होती. बांधावर गवत कापताना एक वीतभर पिल्लू निघालं. एकाने खुरपं उगारलं. मुलाने आडवं होऊन काठीने पिल्लू पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ढकललं. लावणीला बैलहोंगलकडून आलेला एक वयस्क कन्नड गडी तिथं होता. त्याने बघितलं आणि म्हणाला, "मंडल ऐती, बिडो." मंडल आहे, सोड.

मुलगा मराठी शाळेत शिकतो. कन्नड त्याला बाजारापुरतं आणि बसपुरतं येतं. त्याने ऐकलं, "मांडूळ."

सीमाभागात आम्ही दोन भाषांत जगतो, आणि सापांच्या बाबतीत या दोन शब्दांच्या उच्चारांत अगदी थोडं अंतर आहे. कन्नडात मंडल किंवा कोळकुमंडल म्हणजे आपली घोणस, देशातल्या सर्वांत जीवघेण्या सापांपैकी एक. मराठीत मांडूळ म्हणजे मातीत राहणारा, बोथट शेपटीचा, बिनविषारी गरीब साप. मांडुळाला कन्नडात मण्णुमुक्क म्हणतात, नाहीतर एरडु तले हावु, म्हणजे दोन डोक्यांचा साप. त्या गड्याने अगदी बरोबर नाव सांगितलं होतं. सगळ्या प्रकरणात पहिल्याच दिवशी बरोबर बोललेला तो एकटा माणूस. ते नाव मुलाच्या कानापर्यंत जाताजाता उलटं झालं.

रात्री त्याने मोबाइलवर मांडूळ बघितला. तो एकरंगी तपकिरी. आपल्या पिल्लावर तर ठिपके. मग त्याच व्हिडिओंच्या रांगेत "डुरक्या घोणस, बिनविषारी" असं लिहिलेला ठिपक्याठिपक्यांचा साप दिसला. डुरक्या हा मांडुळाचाच भाऊबंद, हेही त्यात सांगितलं होतं. मुलाचा हिशेब जुळला. गडी मांडूळ म्हणाला, मांडुळाच्या जातीत एक ठिपक्यांचा असतो, तोच हा. म्हणजे दुसरी गाठ आपल्या मराठीनेच मारलेली. एका निरुपद्रवी सापाला आपण नाव दिलंय डुरक्या घोणस आणि दुसऱ्याला नुसतं घोणस.

या दोघांत आणि अजगराच्या पिल्लात लोक कायम फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. घोणशीच्या पाठीवर ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, एक मधोमध आणि एकेक बाजूंना. साखळीच्या कड्या ओवाव्यात तसे हे ठिपके रेखीव, लांबट गोल, गडद काठाचे, काठाबाहेर फिकट रेघ. डोकं त्रिकोणी आणि मान बारीक, त्यामुळे डोकं वेगळं उठून दिसतं. डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे, शाई सांडल्यासारखे, एकमेकांत मिसळलेले. त्याला मान अशी नसतेच, आणि शेपटी आखूड व खरखरीत. अजगराचं अंग तुळतुळीत, त्यावरचे पट्टे मोठे आणि बेढब, डोक्यावर बाणासारखी खूण. घोणशीचे खवले कोरडे आणि मधोमध कणा असलेले, त्यामुळे अंग खरबरीत दिसतं. आणि आवाज. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तसा घोणशीचा फुत्कार लांबतो. हे सगळं वाचून कुणी साप ओळखायला पुढे सरसावू नये अशी माझी विनंती आहे. ठिपके दिसले की चार हात मागे सरायचं, इतक्यापुरतंच हे वापरायचं.

शेजारच्या एका माणसाला या सापाचा सुगावा लागला होता. त्याने मुलाला दोनदा गाठून "दुतोंड्या असेल तर वजन किती?" असं विचारलं. मांडूळ लाखांत विकला जातो, त्याने गुप्तधन सापडतं, औषध होतं, या थापांवर आपल्या भागात एक अख्खा चोरटा धंदा उभा आहे. बेळगाव, कोल्हापूर, गोवा ही वाट त्या धंद्याला सोयीची. मांडुळात धन नाही आणि औषधही नाही. शेतातले उंदीर खाणं एवढंच त्याचं मोल, आणि शेतकऱ्याला ते पुष्कळ आहे. मुलाने त्या माणसाला काही सांगितलं नाही, विकायचा विचारही केला नाही. हे मला त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायचं आहे.

बरणीतले दिवस

फरसाणची मोठी प्लास्टिक बरणी, झाकणाला दाभण तापवून पाडलेली भोकं, तळाला माती आणि वाळलेलं गवत. ही बरणी माळ्यावर कणगीच्या मागे असायची. पहिल्या दिवशी त्याने बाटलीच्या टोपणात दूध ठेवलं. पिल्लाने तोंड लावलं नाही, मुंग्या मात्र लागल्या. साप दूध पीत नाही, हे त्याला पुस्तकातल्या धड्यावरून नाही, त्या मुंग्यांवरून कळलं. मग त्याने कणगीतली उंदराची दोन पिल्लं आणि एक पाल दिली. २६ दिवसांत पिल्लाने एवढंच खाल्लं.

त्याने वही केली होती. ती मला दाखवताना त्याचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. "आज कात टाकली." "आज पाणी प्यालं, डोकं बुडवून प्यालं." "पाऊस लई, पिल्लू हलत नाही." एका पानावर पेन्सिलीने सापाचं चित्र होतं, आणि त्या चित्रात ठिपक्यांच्या तीन ओळी नीट, न चुकता काढलेल्या होत्या. मला भरून आलं. डोळे एवढे चांगले आणि नाव चुकीचं. ते पान शाळेत एखाद्या गुरुजींना, आत्तीला, त्या कन्नड गड्याला, कुणालाही दाखवलं असतं तर चूक त्याच आठवड्यात निघाली असती. पण दाखवलं की पिल्लू मरणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बरणी मी पडवीत उजेडाला धरली. आतल्या बाजूला, मुलाची बोटं जिथं बाहेरून टेकत असतील त्याच उंचीला, दोन पिवळसर ओघळ वाळून चिकटले होते. शेजारी शेजारी, तुरीच्या दाण्याएवढंही अंतर नाही. खाली तसेच आणखी दोन. पिल्लाने आतून प्लास्टिकवर दंश मारले होते आणि ते विष होतं. मी काही न बोलता ते ओघळ आत्तीला दाखवले, मग मुलाला. "मामा, ही कोळकुमंडल काय?" त्याने विचारलं. मी होय म्हणालो. म्हणजे पूर्ण शब्द त्याने कधीतरी ऐकला होता, पण तो आपल्या पिल्लाला लागू असेल हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

आज्जी काठीकडे गेली. आत्ती मध्ये उभी राहिली. मी पिल्लू हुकाने उचलून पाइप लावलेल्या कापडी पिशवीत घेतलं, पिशवीला गाठ मारली आणि पिशवी डब्यात ठेवली. मग मुलाला एकच प्रश्न विचारला आणि तो आज्जीसमोर विचारला नाही. गोठ्यात नेऊन विचारला. कधी हातात घेतलं होतंस काय?

चारदा. आणि काल सकाळी बरणी साफ करताना करंगळीला काहीतरी खरचटलं होतं.

दवाखान्यात

घोणशीचं पिल्लू जन्मल्या क्षणापासून विषारी असतं. ते अंड्यातून बाहेर येत नाही, मादी थेट पिल्लंच देते, आणि त्या पिल्लांना दात आणि विष दोन्ही तयार मिळालेलं असतं. पिल्लू लहान म्हणून विष कमी धोक्याचं, असं धरून चालता येत नाही. घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. काही दंशांत विष उतरत नाही, कोरडा दंश होतो, पण तो कोरडा होता हे बाहेरून बघून ठरवता येत नाही. करंगळी सुजलेली नव्हती, हिरड्यांतून रक्त नव्हतं, लघवी साफ होती. तीस तास उलटले होते. तरी मी मुलाला गाडीवर घेतलं, मागे आत्ती, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. जखम बांधायची नाही, कापायची नाही, चोखायची नाही, झाडपाला लावायचा नाही, हे वाटेत आत्तीला सांगितलं, कारण गावात कुणी ना कुणी सुचवणारच. आज्जीने मांत्रिकाचं नाव काढलंच होतं. आत्तीने ते ऐकून घेतलं आणि गाडीवर बसली.

डॉक्टरांनी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी नळी आडवी करायची. रक्त वाहिलं तर विष अंगात आहे, घट्ट राहिलं तर गोठण्याची ताकद शाबूत आहे. खेड्यातल्या दवाखान्यातही करता येते अशी ही परीक्षा हजारोंचे जीव वाचवते, कारण घोणशीच्या विषाचा पहिला पुरावा ती देते. मुलगा त्या नळीकडे बघत बसला होता. बाहेर पाऊस कोसळत होता. मीही घड्याळाकडे बघत नव्हतो, नळीकडेच बघत होतो.

नळी आडवी केली. रक्त जागचं हललं नाही.

तरीही त्याला रात्रभर ठेवून घेतलं आणि परीक्षा पुन्हा पुन्हा केली. प्रतिविष लागलं असतं तर सुरुवातच दहा कुप्यांनी झाली असती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर घोड्यांच्या रक्तापासून बनवलेलं हे एकच औषध आपल्या देशात चालतं. डॉक्टरांनी नोंदही केली. २०२४पासून कर्नाटकात सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं दवाखान्यांना बंधनकारक आहे, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज संशोधकांनी मांडलाय, वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. त्यातली बरीचशी दवाखान्यात न पोचता, कुठल्याच कागदावर न येता गेलेली. आमच्या गावोगावच्या मातीत अशी माणसं आहेत.

वन खातं

मी वन खात्याला १९२६ या हेल्पलाइन नंबरवर आधीच कळवलं होतं. मुलाला आता विषापेक्षा तुरुंगाची भीती जास्त होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप संरक्षित आहेत आणि साप नुसता पकडून ठेवणं हेसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकार होतं. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या यादीतल्या, प्राण्याबाबत तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. आलेले वनरक्षक कन्नड बोलणारे होते. पंचनामा कन्नडात लिहिला आणि मोडक्या मराठीत आत्तीला वाचून दाखवला. मुलाला त्यांनी जवळ बसवून कायदा समजावला, घराला ताकीद दिली आणि पिल्लू ताब्यात घेतलं. वही बघितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. पिल्लू वाळलं होतं पण चपळ होतं. त्यांच्या देखरेखीखाली ते वस्तीपासून दूर, त्याच शिवाराच्या अंगाने सोडलं. मुलाला सोडताना बघायचं होतं. तो दवाखान्यात होता, म्हणून मी त्याच्यासाठी व्हिडिओ काढला.

पाळता आला असता काय?

हा प्रश्न त्याने मला दवाखान्याच्या कॉटवर विचारला आणि त्याला उत्तर द्यायला हवं होतं. बेंगळुरूतल्या त्याच्या चुलतभावाच्या मित्राकडे बॉल पायथन आहे. आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर. मग आपण का नाही?

परदेशी प्राण्यांचा कायदा वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतला जिवंत प्राणी घरात असेल तर त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ला आले, ज्यांच्याकडे आधीपासून असे प्राणी होते त्यांना सहा महिने दिले, नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर. बिनकागदाचा प्राणी विकत घेणं म्हणजे गुन्ह्यात पाय टाकणं. हे सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं. या सापाला पेटीच्या एका टोकाला तीसच्या वर तापमान लागतं आणि दुसऱ्या टोकाला त्याहून कमी. खानापूरच्या पावसात आठ आठ दिवस ऊन नसतं आणि लाइट जाते. उंदीर द्यावे लागतात, तेही आयुष्यभर, आणि ते आयुष्य वीस ते तीस वर्षांचं असतं. "तू नववीत आहेस. तो म्हातारा होईल तेव्हा तू चाळिशीला येशील. तोवर तू बेळगावात असशील, पुण्यात असशील, कुठं असशील. मग आज्जीने त्याला उंदीर घालायचे काय?" तो हसला.

साप माणसाला ओळखून जवळ येत नाही. हाताळायची सवय होते, ती सवय म्हणजे पळून जाणं सोडून देणं. पण मुलाने वहीत जे लिहिलं होतं, कात, पाणी, पावसात निपचित पडणं, ते सगळं बरणीबाहेरच्या सापातही बघता येतं, आणि तो साप उंदीर धरतानाही दिसतो. माझं मत स्पष्ट आहे. आपल्या भागात घरात साप ठेवू नये, परदेशीही नाही. आणि ज्या पोराला साप ठेवावासा वाटतो त्याला ओरडू नये.

गंजी

एक काम राहिलं होतं. घोणशीची मादी एका वेळी वीस ते चाळीस पिल्लं देते, कधी त्याहून जास्त. एक बांधावर सापडलं म्हणजे बाकीची आसपास, घराकडेही, असू शकत होती. पंचमीला माती खणायची नाही, विळी-चाकू धरायचा नाही, म्हणून आम्ही षष्ठीला सकाळी गेलो. वनरक्षक, मी, आत्ती आणि तोच कन्नड गडी. आज्जीने सगळ्यांना पंचमीचे तंबिटाचे लाडू दिले आणि काठी घेऊन पडवीत बसली. गंजी पेंढीपेंढीने उतरवली. शेणींच्या ढिगाच्या तळाशी दोन पिल्लं मिळाली. त्या ढिगातून आज्जी रोज सकाळी चुलीसाठी शेणी काढत होती, उघड्या हाताने, दिवा न लावता.

आता शेणी फळीवर, जमिनीपासून दोन हात उंच ठेवल्या आहेत. गंजी घरापासून लांब हलवली. कणगीखालची उंदरांची बिळं बुजवली. आज्जीला बॅटरी दिली आणि लावणीला जाणाऱ्यांना गमबूट. गमबूट कुणी घालत नाही, चिखलात रुततात म्हणून. त्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

मुलाच्या वहीत आता दोन रकाने आहेत, मराठी नाव आणि कन्नड नाव. कन्नडचा रकाना तो गडी सांगेल तसा भरतोय. धामण, केरे हावु. नाग, नागर हावु. अजगर, हेब्बावु. घोणस, कोळकुमंडल. मांडूळ, मण्णुमुक्क. शेवटच्या दोन नावांखाली त्याने लाल रेघ ओढली आहे.

भाद्रपदात त्याचा फोन आला. गोठ्यामागे धामण निघाली होती, सहा फुटी. "आज्जीला सांगितलंस काय?" मी विचारलं. "आज्जीनंच मला हाक मारली की, मामा. म्हणाली, ये गा, बघ ही कुठली. मी केरे हावु म्हटलो. उंदीर खाऊन जाऊ दे म्हणाली. काठी हातात होती, पण उचलली नाही."

धामण गंजीच्या जुन्या जागेवरून बांधाला लागली आणि भातात गेली.